पहिल्या बाईंचा लेख

गौरव अंकातले लेख कोण लिहितं, हा प्रश्न आमच्या जालना जिल्ह्यात कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. एखाद्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी किंवा पंचाहत्तरी आली की अंक निघतो. त्यात मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई, माजी विद्यार्थी असे सगळे ‘साहेब: आमचा आधारवड’ अशा थाटाचे लेख लिहितात. म्हणजे लेखावर त्यांचं नाव आणि फोटो असतो. लिहिणारं माणूस एकच असतं. ते कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसलेलं असतं आणि अंकात त्याचं नाव शोधूनही सापडत नाही. गेल्या काही वर्षांत ते माणूस बरेचदा मी असते.

मी मराठीची एम. ए., शिवाय नेट पास. प्राध्यापकाची जागा निघत नाही, आणि निघालीच तर जाहिरात येण्याआधी ती कोणाची तरी झालेली असते. म्हणून मग लिहून देते. मानपत्रं, दुकानाच्या उद्घाटनाच्या जाहिराती, श्रद्धांजलीचे मजकूर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची स्टेटसं. माझं माहेर केदारखेड्याचं. तिथे आई सगळ्यांना सांगते की पोरगी जालन्याला लिहायच्या कामाला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, मी तहसीलला कारकून आहे. आई ती समजूत दुरुस्त करत नाही, कारण कारकून म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात.

तत्त्व म्हणाल तर माझ्याकडे एक होतं. पीएच.डी.चे प्रबंध लिहून द्यायचे नाहीत. एकदा एक गृहस्थ पेढ्याचा बॉक्स घेऊन आले आणि प्रबंध पाहिजे म्हणाले. विषय कोणता विचारलं, तर म्हणाले, तो तुम्हीच ठरवा. त्यांना मी पेढ्यांसकट जिन्यावरून खाली पाठवलं आणि पुढे कित्येक दिवस स्वतःवरच खूश होते. प्रबंधात विद्यापीठाची फसवणूक होते, गौरव अंकात कोणाचीच होत नाही, कारण तिथे सगळं सगळ्यांना माहीत असतं. असा माझा सोपा हिशेब होता.

आमच्या भागातल्या एका संस्थेच्या अध्यक्षांची पंचाहत्तरी आली, तेव्हा त्या संस्थेच्या कॉलेजातल्या एका सरांनी मला बोलावलं. ते अंकाचे संपादक होते. तीसेक लेख हवे होते. काम समजावून झाल्यावर सर चहाचा कप बाजूला ठेवत म्हणाले की, जूनपासून मराठीला तासिका तत्त्वावर कोणीतरी लागणार आहे आणि साहेबांच्या कानावर तुमचं नाव मी घातलंय. ही नोकरी मला किती हवी होती, हे इथे सांगून टाकते. तासिका म्हणजे पक्की नोकरी नव्हे, पण वर्ग तर मिळतो. मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं. दुसऱ्यांच्या नावाने लिहून लिहून माझा स्वतःचा आवाज मला आठवेनासा झाला होता. वर्गात तरी बोलणारी मीच असेन, असं वाटायचं.

त्यामुळे मी झडझडून कामाला लागले. सरांनी प्रत्येक नावापुढे चार-दोन मुद्दे लिहून दिले होते. बाकीचं मी घालायचं. भूगोलाच्या सरांना मी लांबलचक वाक्यं दिली, शिपाईमामांना गावची बोली दिली, ग्रंथपालबाईंना उगाचच फुलांची आवड दिली. खेळाच्या सरांच्या नावापुढे फक्त ‘कबड्डी, शिस्त’ एवढंच होतं. मग मी एक प्रसंग रचला. सामन्याला निघालेल्या मुलांचा टेम्पो वाटेत बंद पडला, साहेबांनी आपली जीप त्यांना दिली आणि स्वतः पायी गेले. लेख संपादक सरांकडे तपासायला पाठवला, तर तिथे तो वाचून खेळाच्या सरांचा मला फोन. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, “मॅडम, ते जीपचं तुम्हाला कोणी सांगितलं? बिलकुल तसंच झाल्तं.” मी हसू दाबलं. पुढे कॉलेजच्या एका कार्यक्रमात साहेबांनी भाषणात स्वतःच तो प्रसंग सांगितला, आणि त्यात दुपारचं ऊन वाढवलं. तेव्हाही मी मागच्या रांगेत बसून हसलेच. घाबरायला हवं होतं, हे नंतर कळलं.

अंकातला पहिला लेख संस्थेच्या पहिल्या शिक्षिकेचा असणार होता. मुलींची शाळा त्यांनी सुरू केली होती. मुद्दे असे होते: साहेबांना भावासमान मानतात, संस्थेवर अपार प्रेम, तब्येतीच्या कारणाने स्वेच्छेने राजीनामा. मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण लेख असा उतरला की काय सांगू. त्यात साहेब त्यांना म्हणतात, “ताई, शाळा काय, परत उभी राहील, तुमची तब्येत परत मिळणार नाही.” हे वाक्य लिहून मी स्वतःच थोडी रडले. एवढी हुशारी वाया जाऊ नये, असं मनात आलं.

बाकी सगळ्यांचे फोटो मोबाईलवर आले होते. बाईंचा आला नव्हता. त्या परतूरला भाचीकडे राहतात, तेवढा फोटो घेऊन या, असं सर म्हणाले. मी सकाळच्या गाडीने निघाले. लेखही पर्समध्ये घेतला. त्यांची परवानगी घ्यावी वगैरे विचार माझ्या डोक्यात नव्हता. कोणीतरी तो लेख ऐकावा आणि माझं कौतुक करावं, एवढंच होतं.

परतूरला कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. त्यातून वाट काढत घर शोधलं. भाची दारातच पिको-फॉलची मशीन चालवत होती. चाळिशीची, बोलायला मोकळी. आत खुर्चीत बाई बसल्या होत्या. त्यांना झटका येऊन गेला होता, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. हे मला सरांनी सांगितलं नव्हतं. भाची म्हणाली, “आत्याला बोलता येत न्हाई, पण समदं समजतंय. तुम्ही बोला.”

मी वाचायला लागले. पहिल्या पानाला बाई शांत होत्या. तब्येतीचं वाक्य आलं आणि त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. मला वाटलं, भरून आलं. मी आवाज आणखी मऊ केला. दुसरी थाप आली, जोरात. मशीन थांबली. भाचीने विचारलं, हे असं तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, संस्थेतून सांगितलं.

मग भाचीने जे सांगितलं ते असं. दहावीच्या परीक्षेचं केंद्र बाईंच्या शाळेत होतं. कॉप्या पुरवायला संस्थेची माणसं खिडकीशी आली. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. त्या वर्षी शाळेचा निकाल घसरला. त्यानंतर त्यांची बदली झाली, पुन्हा झाली, शेवटी त्यांना अशा शाखेवर टाकलं जिथे वर्गच भरत नव्हता. त्या थकून बाहेर पडल्या आणि संस्थेने ‘तब्येत बरी नव्हती’ असं सगळीकडे सांगितलं. भाची सांगत असताना बाई मान हलवत होत्या. कुठे तिचं चुकलं की हात आडवा करून थांबवत होत्या.

“आत्या गप बसणारी बाई नव्हती, ताई,” भाची म्हणाली. “लग्नात, बारशात, एष्टीत, भेटंल त्याला सांगायची, मला काढलं म्हणून. घरचे वैतागून गेल्ते. वाचा गेली तव्हापासूनच गप हाय.”

मी ऐकत होते आणि माझ्या हातात ती पानं होती. बाईंनी डावा हात पुढे केला. मी पेन दिलं. त्यांनी ते मुठीत धरून माझं लाडकं वाक्य खोडलं, इतकं की कागद फाटला. फोटो मागायची माझी हिंमत झाली नाही.

जालन्याला परत येऊन मी सरांना सांगितलं. ते काही दुष्ट माणूस नव्हते. साहेबांपुढे उभं राहून राहून त्यांचे खांदे पुढे आले होते, एवढंच. ते म्हणाले, “मग काढा ना ते वाक्य. पण लेख पाहिजे, मॅडम. पहिल्या बाईंचाच लेख नसला तर लोक विचारतील, का नाही म्हणून.” मला हे पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. खोटं काढून टाकलं की काम झालं, असं ठरवून मी भाचीला फोन केला आणि खऱ्या गोष्टी विचारल्या. तिने हौसेने सांगितल्या. बाई घरोघर फिरून मुली गोळा करायच्या. सुरुवातीला पोत्यांवर वर्ग भरायचा. एका मुलीचं लग्न ठरलं तर तिच्या बापाच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिल्या, चहाही घेतला नाही, शेवटी बापाने लग्न पुढे ढकललं. शाळेला जागा साहेबांनी दिली होती, हेही खरंच होतं. मी या सगळ्याचा लेख केला. एकही शब्द रचलेला नव्हता. आधीच्यापेक्षा हा कितीतरी चांगला होता आणि आता तरी बाई खूश होतील याची मला खात्री होती.

दुसऱ्यांदा परतूरला गेले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. ओट्याच्या प्रसंगाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनातल्या मनात जूनचा वर्ग बघत होते. वाचून झालं, तशी त्यांनी पेनसाठी हात केला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी कशालाच हात लावला नाही. वर लेखिका म्हणून त्यांचं नाव होतं, तेवढं खोडलं.

मला राग आला. खरं सांगते, त्या आजारी बाईचा मला राग आला. मी विचारलं, यात काही खोटं आहे का? त्यांनी मान हलवली, नाही. मग नाव का खोडलं? त्या नुसत्या बघत राहिल्या. मी पुन्हा तेच विचारलं, जरा चढ्या आवाजात.

भाची मशीनवरून उठली. “ताई, तुम्ही दोन्ही खेपेला खरं का खोटं तेवढंच इचारून राह्यल्या. आत्याला त्या पुस्तकात बसायचं हाय का न्हाई, हे तुम्ही एकदाबी इचारलं न्हाई.”

मी हातातली पानं खाली ठेवली. मग खुर्चीजवळ खाली बसले आणि विचारलं. बाईंनी नकाराची मान हलवली. त्यात शंकेला जागा नव्हती. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आलं असतं, तर खाली काहीही लिहिलेलं असो, लोकांनी एवढंच म्हटलं असतं की बाईंचं आणि साहेबांचं मिटलं म्हणायचं. आयुष्यभर भेटेल त्याला जे सांगितलं ते त्या एका पानाने पुसलं गेलं असतं, आणि आता उलट सांगायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं. हे कळायला मला दोन खेपा लागल्या. खेळाच्या सरांना जीप आठवायला लागली होती, तसं उद्या गावालाही बाईंची तब्येत आठवायला लागली असती.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि स्वतःशी भांडले. एका म्हाताऱ्या बाईचं एक पान. ती अंक वाचणार नाही, तिला विचारायलाही कोणी येणार नाही. समोर माझा वर्ग, जून, फळा. मी या बाजूने विचार करून पाहिला, त्या बाजूने करून पाहिला. जालना येईपर्यंत एक गोष्ट मात्र पक्की झाली होती. मी जर बाईंच्या तोंडून बोलले, तर वर्गात उभी राहून कुठल्या तोंडाने बोलणार होते? मला ती नोकरी हवीच होती, पण अशी नको होती. उतरले तेव्हा पाय दुखत होते आणि डोकं स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की बाईंचा लेख येणार नाही, त्यांची इच्छा नाही. सर आधी हसले. मग म्हणाले, बाईंना काय कळतंय आता, हा तर त्यांचा सन्मान आहे. मी म्हटलं, त्यांना सगळं कळतं. ते म्हणाले, बरं, तुम्ही राहू द्या, मी बघतो. आता मोबाईलला सांगितलं तरी तो घडीभरात लेख लिहून देतो.

याची तयारी मी गाडीतच केली होती. मी म्हटलं, “बाईंच्या नावाने एक ओळ जरी छापली, सर, तर बाकीचे सगळे लेख माझे आहेत असं मी जाहीर सांगेन. शिपाईमामांचाही माझा, तुमचाही माझा. साहेबांनी भाषणात सांगितलेली जीपसुद्धा माझीच आहे.”

सरांनी टेबलावरचा पेनस्टँड सरळ करून ठेवला. “मॅडम, ही धमकी झाली,” ते हळूच म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

ते उठून दार लावून आले. मला वाटलं आता आवाज चढेल, पण ते खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, पहिल्या पानावर साहेबांच्या पुतण्याचा लेख घेऊ. जूनच्या तासिकांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. दोघांनाही कळलं होतं. त्या वर्गावर पुढे कोणीतरी दुसरी मुलगी रुजू झाली. एकदा बसस्टँडवर भेटली. चांगली होती, तिच्यावर रागावता येईना.

घरी आले आणि उरलेल्या लेखांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले. बाईंना विचारलं नव्हतं, तसं यांच्यापैकी तरी कोणाला विचारलं होतं? म्हणून एकेकाला फोन लावायला लागले. तुमच्या नावाने लेख आहे, वाचून दाखवते, नको असेल तर तसं सांगा. बहुतेकांना ही काय नवीन भानगड, असं वाटलं. छापा हो मॅडम, झकास झालाय, म्हणाले. खेळाच्या सरांना जीप मी रचली होती असं सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. ग्रंथपालबाईंनी मात्र सगळा लेख ऐकला आणि म्हणाल्या, माझं नाव काढता येईल का, पण मी सांगितलं असं कोणाला कळू देऊ नका. मी काढलं. सरांना म्हटलं, माझ्याकडून फाइल उडाली. असलं खोटं मला आजही चालतं, त्याची मला लाज नाही.

आता कोणी गौरव अंकाचं काम घेऊन आलं की मी आधीच माझी अट सांगते. ज्याच्या नावाने लिहायचं त्याला मी भेटणार, लेख वाचून दाखवणार, आणि पहिला प्रश्न हा विचारणार की तुम्हाला यात यायचं आहे का. अट ऐकून निम्मे लोक चहा न घेताच उठतात. कामं कमी झाली. एक वर्ष फार ओढाताणीचं गेलं, शिकवण्या घ्याव्या लागल्या. आई म्हणाली, त्यापेक्षा खरंच कारकुनीची परीक्षा दे. तरी अट सोडली नाही, सोडायचीही नाही. हल्ली टेंभुर्णीच्या एका रिटायर नर्सबाईंचं आत्मकथन लिहिते आहे. त्या बोलतात, मी लिहिते, मी वाचते, त्या भांडतात. काम मुंगीच्या पावलाने चाललंय, पण पुस्तकावर दोघींची नावं येणार आहेत.

अंक थाटात प्रसिद्ध झाला. जाड कागद, सोनेरी अक्षरं. काही दिवसांनी परतूरहून भाचीचा फोन आला. आत्याला ते पुस्तक पाहायचंय, म्हणून खुणा करून राह्यली, मिळंल का? माझ्याकडे एक प्रत आली होती, ती घेऊन गेले.

बाईंनी अंक मांडीवर घेतला. त्या डाव्या हाताने एकेक पान उलटत होत्या. प्रत्येक लेखाचं नाव बघायच्या, फोटो बघायच्या, नावावर बोट ठेवून पुढे जायच्या. त्यातल्या कितीतरी जणींना त्यांनीच शिकवलं असेल. शाळेचा इतिहास म्हणून एक लेख होता, तिथे त्या थांबल्या आणि ओळ न् ओळ बोटाने वाचली. घाई नव्हती. मी आणि भाची दोघी बघत बसलो. भाचीने मला नोकरीचं विचारलं, मी ती गेल्याचं सांगितलं. बाईंनी तेवढ्यापुरती मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पान उलटलं.

शेवटचं पान झालं, तेव्हा भाचीचे डोळे भरले होते. घरोघर फिरून ज्यांनी शाळा उभी केली, त्यांचा त्या एवढ्या जाड अंकात मागमूस नव्हता. ती म्हणाली, “न्हाई, आत्या. कुठंच न्हाई तुझं नाव.”

बाई हसायला लागल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण हसणं पोटातून येत होतं, मोठ्याने, खुर्ची हलेपर्यंत. त्यांच्या तोंडून निघालेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.